अंदमानात आपलं घर आहे

पुण्यात आम्ही धायरीला राहायचो. नवऱ्याचे सख्खे काका कोथरूडला. ते आमच्याकडे कधी आले नाहीत. दर दिवाळीला त्यांचा फोन मात्र न चुकता यायचा, "येणारच होतो गं, पण धायरी फार लांब पडतं. त्यात हिला गाडी लागते." आम्हीही कधी फार ताणून धरलं नाही. दोन्ही घरांचे संबंध इतके चांगले राहिले, त्यात सिंहगड रस्त्यावरच्या ट्रॅफिकचा वाटा मोठा आहे.

मग नवऱ्याची बदली पोर्ट ब्लेअरला झाली. पुण्यापासून दोन हजार किलोमीटरांच्या वर, आणि मध्ये अख्खा बंगालचा उपसागर. आमची खोकी अजून बांधून व्हायची होती तेव्हाच काकांचा फोन. "डिसेंबरात येतोय आम्ही. विमानाचे रेट बघून ठेवलेत." काकूंचं गाडी लागणं समुद्राच्या नुसत्या नावानं बरं झालं होतं.

सासूबाईंनी तर भजनी मंडळ, भिशी आणि गुडघ्याचे डॉक्टर अशा तिन्ही आघाड्यांवर जाहीर करून टाकलं, "अंदमानात आपलं घर आहे." घर म्हणजे सरकारी क्वार्टर. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, आणि एक बाल्कनी, जिच्यातून समुद्र दिसतो असं म्हणता येतं. उजव्या कोपऱ्यात स्टूल ठेवून, त्यावर चढून, शेजारच्या पाण्याच्या टाकीच्या डावीकडून पाहिलं तर निळी पट्टी दिसते. पण सासूबाई हे अशा थाटात सांगायच्या, की ऐकणाऱ्याला वाटावं, पेशव्यांच्या काळात गहाण पडलेलं बेट आमच्या नवऱ्यानं प्रॉव्हिडंट फंडातून सोडवून आणलं.

पाहुण्यांच्या आधी दिवाळी आली.

अंदमानचं घड्याळ मुंबईचं आहे आणि सूर्य ब्रह्मदेशाचा. देशाची प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशावर लावलेली, आणि पोर्ट ब्लेअर त्याच्या दहा अंश पूर्वेला. म्हणजे सूर्य आपल्या घड्याळाच्या ४० मिनिटं पुढेच असतो. पुण्याच्या तुलनेत तर सव्वा तास. एरवी याचं काही वाटत नाही. पण नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान सूर्योदयापूर्वी करायचं असतं, नाहीतर माणूस नरकात जातो, आणि इथे त्या दिवसांत सूर्य पाचला उगवतो. त्यामुळे उटणं भिजवायला चारला उठणं आलं. नवरा म्हणाला, "नरकात सकाळी किती वाजता उठवतात, ते विचारून घे ना एकदा."

पण झालं. चारला उठलो, तेल लागलं, उटणं लागलं, पायाखाली कारीट म्हणून एक लिंबू फोडलं. साडेपाचला सासूबाईंचा व्हिडिओ कॉल. पुण्यात मिट्ट काळोख, त्या पणतीच्या उजेडात बसलेल्या. आमच्या मागे खिडकीतून लख्ख ऊन.

"अगं, हे काय! उन्हात अंघोळी केल्यात?"

"नाही हो आई, चारला उठलो होतो."

"चारला तर मीही उठत नाही," त्या म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, "सणाच्या दिवशी तरी खरं बोलावं गं."

मी त्यांना रेखांश समजावून सांगायला लागले. त्यांनी फोन सासऱ्यांकडे दिला. सासरे निवृत्त भूगोलाचे शिक्षक. त्यांना सगळं कळलं, पण घरात त्यांच्या भूगोलाला कधी कुणी विचारलेलं नाही, त्यामुळे आमच्या कपाळी नरक लिहिला गेला तो गेलाच.

बरं, चारला उठलेल्या माणसानं नऊला झोपावं. ते आमच्या नशिबी नव्हतं, कारण शेजारच्या बौदींकडे त्याच रात्री कालीपूजा. पोर्ट ब्लेअरमध्ये बंगाली वस्ती भरपूर आणि पंचांग त्यांचंही आहे, फक्त त्यांचं मध्यरात्री उघडतं. आमचा सण सूर्य उगवण्याआधी सुरू होणार, त्यांचा बारा वाजून गेल्यावर. बौदींनी दुपारीच बजावून ठेवलं होतं, "भोग खाए बिना सोना नहीं." आम्ही गेलो. पूजा चालू झाली, ढाक वाजायला लागला, आणि नवरा हात जोडून, डोळे मिटून, पाठ ताठ करून जो बसला तो हललाच नाही. बायका एकमेकींना खुणा करून दाखवायला लागल्या. बौदी माझ्या कानात म्हणाल्या, "दादा का भक्ति देखो." मी पाहत होते. दादांच्या भक्तीतून बारीक घोरण्याचा आवाज येत होता, पण ढाकापुढे तो कुणाला ऐकू गेला नाही. दोनच्या पुढे खिचुडी, लाब्रा आणि पायेश खाऊन घरी आलो. तेव्हापासून बौदींकडे मंगळवारी आणि शनिवारी त्याला प्रसादाला बोलावणं असतं.

दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन. सूर्य पाचला मावळतो, त्यामुळे साडेपाचला पूजा, साडेसहाला जेवण, साडेसातला भांडी. आठला सासूबाईंचा फोन, "पूजा झाली का गं?" म्हटलं, "आई, अंथरुणं घातलीत." पलीकडे बराच वेळ शांतता.

आणि त्या सकाळचं ऊन सोडलं तर हे सगळं पावसात. देशात मान्सून सगळ्यात आधी अंदमानात पोचतो, ही बातमी आपण लहानपणापासून मे महिन्यात वाचतो. तो तिथून जातो कधी, हे कुणी छापत नाही. नैर्ऋत्येचा संपत आला की ईशान्येचा सुरू होतो. मधल्या दोन-तीन दिवसांच्या उघडिपीला इथे लोक पडदे धुतात. अशा हवेत मी चकल्या केल्या. कढईतून काढताना कुरकुरीत होत्या, डब्यात भरताना बऱ्या होत्या, आणि पहिला पाहुणा दारात चपला काढेपर्यंत त्यांचा दोर झाला. शेवेला तर वात म्हणून समईत लावता आलं असतं. फुलबाज्यांनी पेट घेतला नाही. नवऱ्यानं त्या गॅसवर धरल्या, मग सगळ्यांनी स्वयंपाकघरात उभं राहून फुलबाजी पाहिली.

रांगोळीचं तर काय सांगू. पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी मी दारात, छपराखाली, पावसाचं पाणी पोचणार नाही अशी जागा धरून लक्ष्मीची पावलं काढली. सकाळी उठून पाहते तर पावलांवरून एक रुंद, ओली, चकचकीत पट्टी गेलेली. पट्टीच्या टोकाला तळहाताएवढी गोगलगाय. शंख तपकिरी, त्यावर पिवळट पट्टे, अंगाला सगळीकडे गुलाबी आणि जांभळी रांगोळी चिकटलेली, आणि शिंगं हलवत ती उंबरठ्याचा अंदाज घेत होती. ही आफ्रिकन गोगलगाय. दुसऱ्या महायुद्धात १९४२ ते ४५ अंदमान जपान्यांच्या ताब्यात होतं, तेव्हा त्यांनी आणली असं सांगतात. जपानी गेले, ती पपईची रोपं खात राहिली. नवरा आला, खाली वाकून बघितलं आणि म्हणाला, "पावलं आत येताना दिसतायत की बाहेर जाताना?" मी त्याला झाडू दिला.

मीठ, मैदा, साखर सगळं मिळतं इथे. पण कांदा, बटाटा, टोमॅटो यांतला बराचसा माल चेन्नईहून किंवा कोलकात्याहून समुद्रमार्गे येतो, आणि चेन्नईहून यायला जहाजाला तीन दिवस लागतात. बंगालच्या उपसागरात वादळ झालं की त्याहून जास्त. त्यामुळे अॅबरडीन बाजारात भाजीवाल्याशी बोलणं भाव विचारून सुरू होत नाही. "जहाज आया?" हा पहिला प्रश्न. नाही म्हणाला तर तुम्ही दुधी घ्यायचा. सगळ्यात हाल कोथिंबिरीचे. धायरीत भाजीवाली मावशी न मागता पिशवीत कोंबायची ती कोथिंबीर इथे आठवडेच्या आठवडे दिसत नाही, आणि दिसली तर तिचा भाव ऐकून आपणच तिला मानानं परत ठेवतो. तिच्याऐवजी सगळे वापरतात तो बर्मा धनिया. लांब पान, कडेला बारीक काटे, वास कोथिंबिरीच्या दुप्पट. मला आवडतो. सासूबाईंनी पुढे डिसेंबरात त्याची वडी खाल्ली आणि निकाल दिला, "ही कोथिंबीर उलट चावते."

माझ्या आईनं माहेराहून फराळाचं पार्सल पाठवलं होतं. दिवाळीच्या चांगलं आधी. वर मोठ्या अक्षरात "नाशवंत" लिहिलेलं, आणि खाली लाल शाईत "तातडीचे". ते पार्सल चेन्नईला पोचलं, इतकं फोनवर दिसत होतं. दिवाळीभर ते चेन्नईत होतं. तुळशीचं लग्नही त्यानं तिथेच केलं. आईचा रोज फोन, "आलं का?" मी म्हणायचे, "निघेल." डिसेंबरच्या मध्यावर एका संध्याकाळी ते खरोखरच दारात आलं. एक कोपरा चेपलेला, पण आत हवाबंद डबे. चकल्या कुरकुरीत होत्या! आईच्या पॅकिंगला तोड नाही.

त्याच आठवड्यात कॅरोलवाले आले. हे नीट सांगायला हवं.

आमचा आकाशकंदील चांदणीचा. कागदी नेला असता तर पहिल्या सरीत लगदा झाला असता, म्हणून पुण्याहून प्लॅस्टिकचा आणला होता. पांढरा, पाच टोकांचा, आत दिवा. रीतीप्रमाणे तो त्रिपुरी पौर्णिमेनंतर उतरवायचा होता, पण शिडी बौदींकडे, बौदी कोलकात्याला, आणि नवरा स्टुलावर चढायला तयार होता फक्त समुद्र दाखवायला. कंदील राहिला. डिसेंबर उजाडला तसे गल्लीत एकेका घरावर तारे लागायला लागले. इथे निकोबारी, रांचीकडचे, तमिळ, मल्याळी अशी सगळ्या मुलखांतली ख्रिस्ती मंडळी आहेत आणि नाताळ दणक्यात असतो. आठवड्याभरात आमचा कंदील त्या रांगेत इतका बेमालूम मिसळून गेला, की नवरा म्हणाला, "आता उतरवला तर उलट वाईट दिसेल."

रात्री आठला दार वाजलं. (अंदमानात आठ म्हणजे मध्यरात्रच.) दारात पंधरा-वीस माणसं, एक गिटार, एक डफ, आणि कापसाची दाढी लावलेला सांताक्लॉज. बाहेर अठ्ठावीस अंश. सांताच्या दाढीचा एक भाग घामानं सुटून कानाला लोंबत होता. आम्ही काही बोलायच्या आत गाणं सुरू झालं. आधी हिंदीत, मग तमिळमध्ये, मग निकोबारीत. सुंदर म्हणत होते. आम्ही दोघं दारात हात बांधून, मान डोलवत उभे. तिसऱ्या गाण्याला नवरा डोळे मिटायला लागला तशी मी त्याला चिमटा काढला. गाणी संपल्यावर त्यांच्यातले एक वयस्कर गृहस्थ पुढे आले. आमच्या घरासाठी त्यांनी छोटी प्रार्थना म्हटली आणि नवऱ्याला विचारलं, "आप कौन से चर्च से हैं?"

नवरा गडबडला. म्हणाला, "धायरी."

गृहस्थांनी मान हलवली. "अच्छा, मेनलँड का है."

अशा वेळी केक द्यायचा असतो, काही पैसे द्यायचे असतात. केक आमच्याकडे कुठला! मी आईचं पार्सल काढलं. चकल्या, चिवडा, शंकरपाळे आणि अनारसे. सांतानं दाढी वर सरकवून चार चकल्या खाल्ल्या आणि आमच्याशी पहिल्यांदाच मोकळेपणानं हसला. अनारसा हातात घेऊन एका मुलीनं त्याची खसखस बघितली, वास घेतला आणि विचारलं, "ये प्लम केक का कौन सा टाइप है?" दुसऱ्या रात्री वेगळ्याच चर्चचा गट आला. तिसऱ्या रात्री आणखी एक. त्यांनी दोनच गाणी म्हटली आणि मग थांबून आमच्यामागच्या ओट्याकडे बघायला लागले. बातमी फिरली होती. दिवाळीला वाया गेलेल्या माझ्या चकलीच्या सोऱ्याला नाताळात दोनदा काढावं लागलं. उघडीप सुरू झाली होती, त्यामुळे माझ्याही कुरकुरीत झाल्या. हे मी आईला अजून सांगितलेलं नाही.

आणि मग नाताळच्या सुट्टीत सगळे उतरले. काका-काकू, सासू-सासरे, चुलत दीर, जाऊबाई आणि त्यांची दोन मुलं. शिवाय नवऱ्याच्या पुण्यातल्या जुन्या साहेबांचे साडू आणि त्यांचं कुटुंब, ज्यांना आम्ही विमानतळावर पहिल्यांदा पाहिलं. ते एलटीसीवर होते. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला गावी जायच्या सवलतीच्या बदल्यात अंदमानला येता येतं, हा नियम कुणी केला मला ठाऊक नाही. त्यानं स्वतः क्वार्टरमध्ये राहून पाहिलेलं नसावं.

शहराचं पाणी येतं धनीखाडीच्या धरणातून आणि आमच्याकडे येतं एक दिवसाआड. मी सगळ्यांना पहिल्याच रात्री हे गंभीरपणे सांगितलं. काकांनी त्याहून गंभीरपणे ऐकलं, म्हणाले, "पाण्याचं महत्त्व आम्हाला नको सांगूस, आम्ही ७२ चा दुष्काळ पाहिलाय." मग आत गेले आणि दोन बादल्या गरम, एक गार अशी अंघोळ करून आले. वर म्हणाले, "प्रवासानं आंबलं होतं अंग."

दुसऱ्या सकाळी सेल्युलर जेल. मराठी पाहुणा अंदमानात येतो तो आधी तिथे जातो आणि ते योग्यच आहे. पण मी आता त्यांच्याबरोबर इतक्यांदा गेले आहे, की तिकीट खिडकीवरचा माणूस मला ओळख देतो. त्याला मी टूर ऑपरेटर वाटते. काका तयारीनं आले होते. 'माझी जन्मठेप' तिसऱ्यांदा वाचून, पानांना खुणा करून. गाईडनं सुरुवात केली, १८९६ मध्ये बांधायला घेतलं, १९०६ ला पूर्ण झालं. काका म्हणाले, "बरोबर." गाईडनं त्यांच्याकडे पाहिलं. मनोरा मधे, सायकलच्या चाकाच्या आऱ्यांसारख्या सात इमारती. काका म्हणाले, "बरोबर." आता तीनच उरल्यात. "हेही बरोबर," काका म्हणाले, "पण चार का पाडल्या ते सांगा." गाईड सांगणारच होता, पण काकांनीच सांगितलं, मराठीत, आणि तिथे दोन गुजराती कुटुंबं होती ती काकांच्या मागे लागली. शेवटी गाईड नवऱ्यापाशी येऊन हळूच म्हणाला, "अंकल पूरा ग्रुप ले गया."

तिसऱ्या मजल्यावरच्या, सावरकरांच्या त्या टोकाच्या कोठडीत मात्र काका एक शब्द बोलले नाहीत. चप्पल काढून आत गेले, भिंतीला हात लावून उभे राहिले, डोळे भरून आले. आम्ही सगळे गप्प. बाहेर आल्यावर रुमालानं डोळे पुसले, चष्मा लावला आणि म्हणाले, "इथे चहा कुठे मिळेल? मसाल्याचा नको."

खाली कोलू, म्हणजे तेलाचा घाणा, आहे. रोज तीस पौंड खोबरेल काढायची सक्ती असे, असं पाटीवर वाचून जाऊबाईंनी शेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. मग केसांवरून हात फिरवत मला विचारलं, "इथे खोबरेल शुद्ध मिळतं का गं?"

दीर वेगळ्या मोहिमेवर होते. त्यांनी पाकिटात जपून जुनी, नारिंगी रंगाची वीस रुपयांची नोट आणली होती. तिच्या मागच्या बाजूचं चित्र, माडांमधून दिसणारा समुद्र आणि नॉर्थ बेचं दीपगृह, ते माउंट हॅरिएटवरून दिसणारं आहे, असं सांगतात. हॅरिएटचं नाव २०२१ पासून माउंट मणिपूर. त्यासाठी चाथमहून गाडीसकट फेरीत बसून बांबूफ्लॅट, तिथून वर डोंगर. वर पोचल्यावर दिरांनी नोट हात लांब करून धरली, एक डोळा मिटला आणि म्हणाले, "माड कमी आहेत."

"पडले असतील," नवरा म्हणाला.

"नोटेवर उजवीकडे झुकलाय तो कुठाय?"

"दादा, जरा डावीकडे सरका."

सगळ्या माणसांनी डावीकडे सरकून पाहिलं, खाली बसून पाहिलं, जाऊबाईंनी नोट उलटी धरून गांधीजींचा चेहरा पाहिला. मुलं कंटाळून जळवा शोधायला लागली. तेवढ्यात वारा आला आणि नोट उडाली. ती माडांवरून, समुद्राच्या दिशेनं, चित्रात असते अगदी तशी गेली. घरी परतेपर्यंत दीर एवढंच म्हणत होते, "आता ती छापत नाहीत रे."

हॅवलॉकला, म्हणजे स्वराज द्वीपला, जायचं तर जहाज. "सी रफ आहे" असं म्हणून एक फेरी रद्द झाली, साडूंनी मला विचारलं, "तुमची इथे काही ओळख नाही का?" समुद्राशी माझी ओळख नव्हती. दुसऱ्या दिवशी गेलो. राधानगरचा किनारा 'टाइम' मासिकानं २००४ मध्ये आशियातला सर्वोत्तम ठरवला होता. मी नवीन आले तेव्हा तो पाहून मला बोलायला सुचलं नव्हतं. पांढरी वाळू, मागे गच्च उंच जंगल, पाण्याचे चार-पाच निळे रंग. काका कमरेवर हात ठेवून उभे राहिले. मी वाट पाहत होते.

"छान आहे," काका म्हणाले. "आपल्या गुहागरसारखंच."

काकू म्हणाल्या, "गुहागरला शहाळं मात्र स्वस्त."

यानंतर तासभर दिवेआगर, आंजर्ले, भोगवे आणि वेळणेश्वर यांची तुलना झाली आणि राधानगरचा पाचवा नंबर लागला. साडू अलिबागचे निघाले, ते नाराज झाले.

काकूंचं लक्ष वाळूत होतं. शंख, शिंपले आणि पोवळ्यांचे पांढरे तुकडे त्या पदरात गोळा करत होत्या. मी सांगितलं, इथून पोवळं न्यायला बंदी आहे, वन्यजीव कायद्यात येतं, विमानतळावर काढून घेतात. "अगं, मेलेलं आहे ते," काकू म्हणाल्या. "मेलेलं पण चालत नाही." "आमच्या देवघराला शोभेल, बाकी कशाला?" मला वाटलं, पटलं. निघायच्या दिवशी मी विमानतळाच्या दारातून परत वळणार तोच सुरक्षेच्या माणसानं काकूंची पिशवी बाजूला घेतली. आत माझ्या आईचा हवाबंद डबा, जो रिकामा करून मी त्यांना वाटेतल्या भुकेसाठी थालीपीठं भरून दिला होता. वर तीन थालीपीठं. खाली पोवळं. जवानानं एकेक तुकडा काढून ट्रेमध्ये मांडला, मग थालीपीठं व्यवस्थित परत ठेवून डबा बंद करून दिला आणि म्हणाला, "माताजी, ये ले जाइए, ये अलाउड है।" काका लांब जाऊन दुसऱ्याच कुटुंबाच्या रांगेत उभे होते.

त्याआधी एक जानेवारी झाला. २००० सालच्या पहिल्या सूर्योदयासाठी निकोबारमधल्या कचाल बेटाचं नाव गाजलं होतं, ते काकांच्या लक्षात होतं. नववर्षाचा पहिला सूर्य कोथरूडच्या आधी बघायचाच, असं त्यांनी ठरवलं. एकतीसच्या रात्री बाराला सगळ्यांनी केक कापला, आणि काकांनी पुण्याच्या सवयीनं सहाचा गजर लावला. पावणेसहाला सूर्य वर आला. सहाला काका धोतर सावरत बाल्कनीत, स्टुलावर, पाण्याच्या टाकीच्या डावीकडून बघत. डोळ्यांवर ऊन.

"हा कालचाच आहे का?" त्यांनी विचारलं.

"नाही काका, आजचा. थोडा आधी आला."

"मग उद्या बघू."

"उद्या दोन तारीख."

"सूर्य तोच ना?" म्हणून ते परत झोपले. दोन तारखेला गजर झालाच नाही.

सगळे सुखरूप पोचले. काकांचा फोन आला, सोसायटीतल्या ज्येष्ठ नागरिक संघात त्यांनी अंदमानवर व्याख्यान दिलं, लोकांना फार आवडलं, बरेच जण विचारत होते, आमचा फोन नंबर त्यांनी दिलाय. कालच एक फोन आला. समोरचे गृहस्थ मला ओळखत नव्हते, पण क्वार्टरच्या बाल्कनीतून समुद्र कुठून दिसतो, हे त्यांना माहीत होतं.

तेव्हा तुम्हीही जरूर या. नोव्हेंबरचा पाऊस सरला की डिसेंबर ते एप्रिल हवा चांगली असते. हॉटेलं पुष्कळ आहेत आणि चांगली आहेत, फक्त नाताळचं बुकिंग सप्टेंबरातच करून ठेवा. पोवळं उचलू नका. आणि विमानात बसण्याच्या दिवशी सकाळी मंडईतून कोथिंबिरीच्या दोन जुड्या घ्या, मुळासकट, ओल्या फडक्यात गुंडाळून. पत्ता काकांकडे मिळेल.